मिऱ्यापासून लेखणीपर्यंत : सेव्हिलच्या इसिदोरचा कोश इंग्रजीत

मिरे घेताना हातात तोलून पाहावेत. हलके लागले तर जुने, जड लागले तर नवे. पण नुसत्या वजनावर भुलू नये, कारण व्यापारी जुनाट मिरे ओले करून त्यांवर मुरदाडशिंग किंवा शिसं भुरभुरतात, म्हणजे ते जड भरतात.

हा सल्ला सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलच्या बिशपने, इसिदोरने, लिहून ठेवला आहे. त्याच नोंदीत तो असंही सांगतो की मिऱ्याच्या रानावर सापांचा पहारा असतो, फळ पिकलं की लोक रानाला आग लावतात, साप पळतात आणि मुळात पांढरे असलेले मिरे त्या आगीने काळे पडतात. जे आगीतून वाचले ते पांढरे मिरे, जे कच्चंच राहिलं ती पिंपळी, आणि 'पिपेर' हे नाव आगीवरून आलेलं. प्रत्यक्षात पिंपळीचा वेल वेगळा. शिवाय 'पिपेर' हा शब्द ग्रीकमार्गे भारतातल्या 'पिप्पली'वरूनच लॅटिनमध्ये गेला, म्हणजे बिशपसाहेबांच्या पुढ्यातच त्याची खरी व्युत्पत्ती पडलेली होती. बाजारातली पक्की माहिती, ऐकीव गोष्ट आणि शब्दाचं चुकीचं मूळ, तिन्ही एका परिच्छेदात. इसिदोर कसा वाचायचा हे या एका नोंदीवरून कळतं.

ग्रंथाचं नाव 'एटिमोलोगिए', म्हणजे 'व्युत्पत्ती'. एकूण २० भाग. त्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर २००६ साली केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. स्टीफन बार्नी, डब्ल्यू. जे. लुइस, जे. ए. बीच आणि ऑलिव्हर बर्गहॉफ हे चौघे भाषांतरकार, म्यूरिएल हॉल यांचं साहाय्य, आणि आधाराला डब्ल्यू. एम. लिंडसे यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्डहून संपादित केलेली लॅटिन संहिता. मध्ययुगीन युरोपच्या डोक्यात जगाचं चित्र कसं होतं हे एका जागी पाहायचं असेल, तर हीच प्रत घ्यावी.

भाषांतरकारांचा सगळ्यांत चांगला निर्णय म्हणजे मूळ लॅटिन शब्द जागच्या जागी कंसात ठेवणं. ते केलं नसतं तर पुस्तकाचा अर्थच गेला असता. 'मित्र म्हणजे मनाचा राखणदार' हे वाक्य नुसतं वाचलं तर सुभाषित वाटतं. 'आमिकुस' म्हणजे 'आनिमी कुस्तोस' हे दिसलं की इसिदोर काय करतोय ते उमगतं. माणूस 'होमो', कारण तो 'हुमुस'पासून, मातीपासून घडला. मधमाशी 'आपिस', कारण ती 'पेस' म्हणजे पायांशिवाय जन्मते. आणि 'लुकुस', दाट राई, हे नाव प्रकाशावरून पडलं, कारण तिथे प्रकाश नसतो!

यातली कित्येक मुळं चुकीची आहेत, पण तेवढ्यावर हसून पुस्तक मिटू नये. आपल्याकडे यास्काचं निरुक्त, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तींचा ग्रंथ, वाचलेल्याला ही वाट ओळखीची वाटेल. 'न त्वेव न निर्ब्रूयात्', निर्वचन केल्याशिवाय राहूच नये, हा यास्काचा दंडक. इसिदोर मात्र इथे सावध आहे. शब्द कुठून आला हे कळलं की त्याची शक्ती लवकर कळते, असं पहिल्या भागाच्या २९व्या प्रकरणात सांगतो आणि लगेच कबूल करतो की प्रत्येक शब्दाचं मूळ सापडणार नाही. गुलामांना आणि जमिनींना आपण मनाला येईल ते नाव देतो, तशीच जुन्या लोकांनी काही नावं दिली. हे प्रकरण आधी वाचावं. पुढच्या शेकडो पानांची किल्ली त्यात आहे.

प्रस्तावना साधारण २५ पानांची. लेखकाचं चरित्र, त्याने कोणाकडून काय घेतलं आणि पुढे कोणी त्याच्याकडून काय घेतलं, हे सगळं तिच्यात नीट मांडलं आहे. इसिदोरचा जन्म इ. स. ५६०च्या आसपासचा. घराणं मूळचं कार्ताहेनाचं. मोठा भाऊ लेआंद्रो सेव्हिलचा बिशप, दुसरा भाऊ फुल्जेन्सिओ एसिहाचा बिशप, बहीण फ्लोरेन्तिना जोगीण. स्पेनवर राज्य करणारे व्हिसिगॉथ, एक जर्मानिक जमात, तोवर आरियन पंथाचे, म्हणजे ख्रिस्ताला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणारे ख्रिस्ती, होते. राजा रेक्कारेदने कॅथलिक पंथ घेतला आणि ५८९च्या तोलेदो धर्मसभेत त्यावर शिक्कामोर्तब झालं, त्यामागे लेआंद्रोचा मोठा हात होता. लेआंद्रोच्या पश्चात, ६००च्या सुमारास, बिशपची गादी इसिदोरकडे आली आणि ४ एप्रिल ६३६ रोजी मरेपर्यंत त्याच्याकडेच राहिली. ६३३ साली तोलेदोची चौथी धर्मसभा त्याच्याच अध्यक्षतेखाली भरली. त्या सभेची काळी बाजूही सांगायला हवी. ज्यूंवर यापुढे धर्मांतराची जबरदस्ती करू नये असं तिने ठरवलं, पण राजा सिसेबूतच्या काळात जबरदस्तीने बाप्तिस्मा झालेल्यांनी ख्रिस्तीच राहावं आणि मुलांना आईबापांपासून तोडावं हेही तिनेच ठरवलं. विद्वत्तेच्या कौतुकात हे झाकून टाकणं बरं नव्हे.

इसिदोर आणि सारागोसाचा बिशप ब्राउलिओ यांची पत्रं या आवृत्तीत दिली आहेत. ती मुळीच वगळू नयेत. ब्राउलिओ कळवळून लिहितो की ग्रंथ मागून सात वर्षं झाली. शेवटी इसिदोर प्रवासातूनच पोथी पाठवतो आणि कळवतो की तब्येत बरी नसल्यामुळे तपासून दुरुस्त करणं जमलं नाही, तुम्हीच करा. ग्रंथाचे २० भाग पाडले तेही ब्राउलिओने. वाचताना अडखळायला होतं त्याचं कारण हेच आहे. एकच गोष्ट दोन ठिकाणी येते, काही नोंदी ओळीभरात आटोपतात. हा दोष भाषांतरकारांचा नाही, लेखकाचा हात फिरायचाच राहून गेला.

पहिल्या पानापासून सलग वाचायला घेतलं तर पहिल्या भागातल्या व्याकरणातच बहुतेकांचा दम संपतो. सहाव्या भागापासून सुरुवात करावी. त्यात पुस्तकं, ग्रंथालयं, पपायरस आणि चर्मपत्र आहेत. १४व्या प्रकरणात लेखणीची नोंद येते: बोरू झाडाचा, पीस पक्ष्याचं; टोक दोन भागांत चिरलेलं, पण सबंध लेखणी एकसंध. त्या दोन भागांत इसिदोरला बायबलचा जुना आणि नवा करार दिसतो. धार्मिक रूपक बाजूला ठेवलं तरी पिसाची लेखणी चिरून वापरतात याचा हा फार जुना, स्वच्छ पुरावा आहे. तिथून पहिल्या भागाच्या २०व्या प्रकरणाकडे वळावं. विरामचिन्हांचा हिशेब तिथे आहे. ओळीच्या तळाशी बिंदू म्हणजे छोटा थांबा, मध्यावर बिंदू म्हणजे मधला, माथ्यावर बिंदू म्हणजे वाक्य पुरं झालं. चिन्ह एकच, फक्त उंची बदलते. नकलनविसाचा बिंदू जरा वर-खाली झाला की अर्थ कसा घसरत असेल ते लगेच लक्षात येतं. त्यानंतर १२वा भाग प्राण्यांचा, १७वा शेतीचा आणि २०वा स्वयंपाकघराचा व अवजारांचा. हे तिन्ही भाग कोणालाही गोडीने वाचता येतात. उरलेलं नंतर, मागच्या सूचीतून शब्द शोधत.

संदर्भ देताना भाग, प्रकरण आणि परिच्छेद असे तीन आकडे द्यावेत. मिऱ्याची नोंद १७.८.८. जुन्या आवृत्त्यांत काही प्रकरणांचे क्रमांक पुढेमागे झालेले आहेत, म्हणून जुन्या लेखातला आकडा इथे जुळला नाही तर शेजारची दोन प्रकरणं चाळावीत.

आता उणिवा. समोरासमोर लॅटिन संहिता नाही. कंसातल्या शब्दांनी बरंच भागतं, पण वाक्य कसं बांधलंय हे पाहायचं असेल तर लिंडसेची संहिता लागते. ती इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते, शेजारी उघडी ठेवावी. दुसरी उणीव जास्त जाचते. तळटीपा मोजक्या आहेत, त्यामुळे कुठलं वाक्य इसिदोरचं आणि कुठलं प्लिनी, सोलिनुस, सर्व्हिउस किंवा कासिओदोरस या आधीच्या लॅटिन लेखकांकडून उचललेलं, हे जागेवर कळत नाही. नवा वाचक इथेच फसतो. नवव्या भागातल्या रोमन सैन्याच्या तुकड्या आणि हुद्दे वाचून सेव्हिलबाहेर तसं सैन्य उभं होतं असं वाटेल. पण तिथे राज्य होतं व्हिसिगॉथांचं, ती माहिती पुस्तकांतून आलेली. १८व्या भागातल्या रोमन सर्कस, म्हणजे शर्यतीचं मैदान, आणि रथांच्या शर्यतींचा बराच मजकूर तेर्तुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाचा, म्हणजे तेव्हाच सुमारे चारशे वर्षं जुना. इसिदोरचा वापर त्याच्या काळाचा साक्षीदार म्हणून करायचा असेल तर प्रत्येक वाक्याचा उगम आधी तपासावा. चौथा भाग वैद्यकाचा आहे, तो इतिहास म्हणूनच वाचावा, उपचार म्हणून नव्हे.

प्रभावाचं मोजमाप अवघड नाही. या ग्रंथाची जवळपास १,००० हस्तलिखितं टिकून आहेत. इंग्लंडात बीड या विद्वान मठवाशाने तो वापरला. नवव्या शतकात जर्मनीत ऱ्हाबानुस माउरुसने याच सामग्रीची नव्याने मांडणी करून आपला कोश रचला. पुढच्या सचित्र प्राणिग्रंथांनी १२व्या भागावर यथेच्छ हात मारला. १४७२ साली आउग्सबुर्गमध्ये ग्युंटर झायनरने तो छापला, तेव्हा त्यात जगाचा नकाशाही आला: एका वर्तुळात 'टी' अक्षर, वरच्या अर्ध्यात आशिया, खाली डावीकडे युरोप, उजवीकडे आफ्रिका. युरोपात छापलेला हा पहिला नकाशा. पूर्व वर का, असा प्रश्न पडेल. इसिदोर १४व्या भागात सांगतो की नंदनवन, म्हणजे बायबलमधली एदेनची बाग, पूर्वेला आहे. भारताची नोंदही याच भागात सापडते: वर्षातून दोन पिकं, हत्ती, पोपट, दालचिनी, मिरे, आणि सोन्याचे डोंगर राखणारे ड्रॅगन.

दान्तेने इसिदोरला 'डिव्हाइन कॉमेडी'तल्या 'स्वर्ग' या खंडाच्या दहाव्या सर्गात सूर्यमंडळातल्या विद्वानांत बसवलं. अस्थी १०६३ साली सेव्हिलहून लेओनला नेल्या, तिथलं सान इसिदोरो चर्च त्याच्याच नावाचं. १७२२ मध्ये पोपने त्याला 'चर्चचा आचार्य' ठरवलं.

संगीताच्या प्रकरणात एक वाक्य आहे, त्याच्यापाशी थांबावं. सूर माणसाने स्मरणात धरून ठेवले नाहीत तर ते नष्ट होतात, कारण ते लिहिता येत नाहीत. ज्याने लेखणी, चर्मपत्र आणि बिंदूंच्या तीन उंच्या इतक्या बारकाईने नोंदवल्या, त्याच्या हाताशी सूर लिहायची सोय नव्हती, आणि ते त्याने सरळ लिहून ठेवलं. पुढच्या शतकांत युरोपने स्वरलेखन घडवलं, तेव्हाही हे वाक्य नकलनविसांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं.

उपसंहाराची वाट पाहू नये. व्याकरणाने सुरू झालेला हा कोश २०व्या भागात घोड्यांच्या सामानाशी येतो आणि जनावरांना डाग देण्याच्या तापल्या लोखंडापाशी थांबतो. पुढे ओळ नाही.