लिलाव संपल्यावर आलेल्या मेलने माझे १३,२५० युरो नेले

लिलाव हरलेल्याला गाठून 'आता तुम्हालाच देतो' म्हणणारे भामटे असतात, हे मला माहीत होतं. तरीही जुलै २०२५ मध्ये माझे १३,२५० युरो गेले. रुपयांत तेरा लाखांच्या आसपास. लिहायची लाज वाटते, पण फ्रान्समध्ये जुन्या गाड्यांचं वेड असलेली आपली माणसं आहेत, म्हणून लिहितोय.

गाडी खरी होती, हे आधी सांगतो. १९७१ची आल्पीन ए ११० ही फ्रेंच स्पोर्ट्स कार, १३०० सीसीची, द्येप गावच्या कारखान्यातली. १९७३ची पहिली जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा ज्या मॉडेलने मारली, तेच मॉडेल. इंजिन सुटं करून खोक्यांत भरलेलं. लिलावाआधी गाड्या बघायला ठेवतात, त्या दिवशी मी लियोंहून पॅरिसला गेलो. फायबरची बॉडी गंजत नाही, पण आतला पोलादी कणा गंजतो. गुडघे टेकून, टॉर्च मारून मी तो बघितला. मागच्या टोकाला बोट घासलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले. म्हणजे डोळे झाकून उडी मारणारा माणूस मी नाही.

लिलावात ३८,००० युरोंवर मी थांबलो. गाडी ३९,००० ला गेली. त्याच रात्री हळहळून जुन्या गाड्यांच्या क्लबच्या ग्रुपवर लिहिलं की हजार युरोंनी हुकली. कुठल्याही ग्रुपवर स्वतःची बोली लिहू नका!

तिसऱ्या दिवशी मेल आला. लिलाव कंपनीचा लोगो, लिलावातला गाडीचा नंबर, सगळं बरोबर. घेणाऱ्याने माघार घेतली, गाडी तुम्हाला ३८,००० मध्ये, सर्व खर्चासकट.

इथेच कळायला हवं होतं. सर्व खर्चासकट! त्या कंपनीचं कमिशन बोलीवर २४ टक्के होतं. ३८,००० चे ४७,१२० होतात, हा हिशोब मी स्वतः वहीत मांडला होता. नऊ हजार युरो कुठली लिलाव कंपनी सोडते? शिवाय घेणाऱ्याने पैसे बुडवले तर इथल्या कायद्याने आधी नोटीस जाते, मग मालकाने मागणी केली तर वस्तू पुन्हा लिलावात येते. गुपचूप मेल येत नाही. खात्याचा नंबरही एफआरने नाही, एलटीने सुरू होत होता, म्हणजे लिथुआनिया. मी विचारलं. 'परदेशी ग्राहकांसाठी वेगळं खातं आहे' असं उत्तर आलं, आणि मी परदेशीच ना, पटलं. कॅटलॉगवर छापलेल्या नंबरला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. मेलमधल्या नंबरला कधीच नाही, छापलेल्याच नंबरला फोन करा.

तीस टक्के आगाऊ, ११,४०० युरो, तत्काळ ट्रान्सफरने. दहा सेकंदांत गेले. दोन दिवसांनी 'गोदाम आणि वाहतूक' म्हणून १,८५०. मग सामसूम. खऱ्या कंपनीला फोन केला तेव्हा कळलं, घेणाऱ्याने पूर्ण पैसे भरून गाडी कधीच नेली होती. आमचा संबंध नाही म्हणाले.

बँकेत गेलो. 'पैसे तुम्हीच मोबाईलवर मंजूर केलेत, सर.' चोरी झाली असती तर भरपाई, फसून स्वतः पाठवले तर काही नाही. ऑक्टोबर २०२५ पासून इथल्या बँकांना खातेदाराचं नाव जुळतंय का ते पैसे पाठवण्याआधी दाखवावं लागतं. माझ्यानंतर तीन महिन्यांनी! आता नाव जुळत नाही असं दिसलं तर तिथेच थांबा. पोलीस चौकीत म्हणाले ऑनलाइन करा. ऑनलाइन केलं तर म्हणे, काही कागद चौकीतच द्या. तिसऱ्या खेपेला एका साहेबांनी तक्रार टाइप केली आणि मध्येच विचारलं, इंजिन नसलेली गाडी कशाला घेत होता? तेरा हजार युरो गेलेल्या माणसाला हा प्रश्न? पाच महिन्यांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं एका पानाचं पत्र आलं: आरोपी अज्ञात, प्रकरण बंद. लिथुआनियाच्या बँकेकडून आपोआप येणाऱ्या मेलपलीकडे काही नाही. खातं कुणाच्या नावावर होतं, एवढंही मला कुणी सांगितलं नाही.

आणि करारासाठी म्हणून माझ्या पासपोर्टची प्रत त्या भामट्यांनी आधीच मागून घेतली होती. ती अजून त्यांच्याकडेच आहे. लियोंमधल्या एखाद्या भारतीय इंजिनियरचा पासपोर्ट दाखवून कुणी तुम्हाला आल्पीन विकायला आलं, तर एक पैसाही देऊ नका आणि मला इथे लगेच कळवा.