वायबीसीओची फिल्म द्रावणातून: फ्लोरिनवाला रस्ता की बिनफ्लोरिनचा?

वायबीसीओ म्हणजे यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, थंड केल्यावर रोधाशिवाय वीज नेणारा अतिसंवाहक. त्याची फिल्म बसवायला पीएलडीचा (लेझरने पदार्थ उडवून थर चढवण्याच्या पद्धतीचा) लेझर आणि व्हॅक्युम चेंबर परवडत नाही म्हणून द्रावणाकडे वळणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात गैर काही नाही. फक्त कुठलं द्रावण, हे बाटली बघून ठरवू नका. आधी आपली भट्टी, गॅस लाइन आणि फ्यूम हूड बघा.

स्प्रे पायरोलिसिसचं (पायरोलिसिस म्हणजे उष्णतेने विघटन) आधी उरकून घेऊ. तिन्ही धातूंचे नायट्रेट पाण्यात विरघळवायचे आणि तापलेल्या सबस्ट्रेटवर, म्हणजे फिल्मखालच्या आधारावर, फवारायचे. स्वस्त आहे, आणि 90 केल्विनच्या आसपास रोध कोसळताना दाखवायचा असेल तर पुरेसंही आहे. पण कण वेडेवाकडे बसतात, आणि शेजारच्या दोन कणांच्या दिशेत काही अंशांचा फरक पडला तरी त्यांच्यामधून जाणारा प्रवाह झपाट्याने घटतो. चांगली क्रांतिक प्रवाहघनता (रोध न येता दर चौरस सेंटिमीटरमधून जास्तीत जास्त जाणारा प्रवाह) हवी असेल तर हा रस्ता सोडा.

खरी निवड उरलेल्या दोघांत, फ्लोरिनवाल्या आणि बिनफ्लोरिनच्या द्रावणांत, आहे. दोन्हीकडे खोडी बेरियमची. साधं अ‍ॅसिटेट जाळलं की बेरियम कार्बोनेट होतं आणि ते सहजी जात नाही. 1988 मध्ये आयबीएमच्या गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटेट, म्हणजे टीएफए, वापरून त्याला बगल दिली. कार्बोनेटऐवजी बेरियम फ्लोराइड होतं, आणि 750 ते 800 अंश सेल्सिअसला पाण्याची वाफ सोडली की तेही मोडतं. फ्लोरिन एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड, घातक वायू) होऊन बाहेर पडतो, वायबीसीओ मागे राहतं. मग 450 अंशांच्या आसपास ऑक्सिजन पाजायचा. लँथॅनम अ‍ॅल्युमिनेटच्या स्फटिकावर नीट जमलं तर 77 केल्विनला दर चौरस सेंटिमीटरला 10 लाख अँपिअरच्या वर जाता येतं.

गंमत अशी की भट्टीत हवंहवंसं वाटणारं हे पाणी भट्टीबाहेर वैरी असतं. स्पिन कोटरवरून (द्रावण गरगर फिरवून पसरवणाऱ्या यंत्रावरून) उतरलेली फिल्म काचेसारखी निळी दिसते. मुंबईच्या जुलैत ती उघडी ठेवा, बघता बघता धुरकटते, आणि ती फिल्म गेलीच म्हणायची. पावसाळ्यात ड्राय बॉक्स नसेल तर कोटिंग करू नये. द्रावणातलं पाणीही रोटाव्हेपवर (द्रव उडवून काढणाऱ्या फिरत्या उपकरणावर) पुन्हापुन्हा मेथॅनॉल घालून काढावं लागतं.

आणि वेळ. कॉपर टीएफए उडून जातं, ते रोखायला पायरोलिसिसही दमट ऑक्सिजनमध्ये, अगदी मुंगीच्या चालीने करावं लागतं. जुन्या पद्धतीत एक दिवस त्यातच जातो. म्हणून मी पूर्ण टीएफए सुचवत नाही. फक्त बेरियम टीएफए ठेवा, यिट्रियम आणि कॉपर बिनफ्लोरिनच्या क्षारांतून घ्या. 13 टीएफए गटांपैकी 4च उरतात, आणि पायरोलिसिस एक-दोन तासांत आटोपतं.

एचएफशी मात्र थट्टा नको. बाहेर जाणारा वायू सोडियम हायड्रॉक्साइडमधून काढा, आणि भट्टी व त्या बाटलीच्या मध्ये एक रिकामी बाटली जोडा. ती नसली तर भट्टी थंड होताना अल्कली उलटी ट्यूबमध्ये ओढली जाते. एकदा निस्तरलंय, पुन्हा नको. एचएफने भाजलं तर लावायला हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हवंच.

हे वाचून बिनफ्लोरिनचं प्रोपिओनेट द्रावण साधं-सरळ वाटेल. बाटलीपुरतं ते आहेही. पण कार्बोनेट परत येतं आणि सगळा भार भट्टीवर पडतो. बार्सिलोनाच्या इक्माब या मटेरियल सायन्स संस्थेतल्या गटाने यावर टीएलएजी (ट्रान्झियंट लिक्विड असिस्टेड ग्रोथ) ही पद्धत काढली: कार्बोनेट घालवून बेरियम-कॉपर ऑक्साइडचा क्षणिक द्रव होऊ द्यायचा आणि त्यातून वायबीसीओ वाढवायचं. वेग सेकंदाला 100 नॅनोमीटरच्या वर. टीएफएत एचएफ बाहेर पडायलाच वेळ लागतो, तिथे सेकंदाला साधारण 1 नॅनोमीटर मिळतो. मायक्रॉनभर जाडीला एकीकडे 10 सेकंद, दुसरीकडे पाव तासाहून जास्त. किलोमीटरभर अतिसंवाहक टेप काढणाऱ्याला हा फरक सोन्याचा आहे, तुमच्या 5 मिलिमीटरच्या तुकड्याला त्याचं काय? शिवाय त्यासाठी तापमान झटक्यात चढवणारी भट्टी लागते, नाहीतर ऑक्सिजनचा दाब क्षणात बदलणारं चेंबर.

साधी ट्यूब भट्टी, चालू स्थितीतला फ्यूम हूड आणि तीन वर्षांची फेलोशिप असेल तर मी कमी फ्लोरिनचं टीएफए घेईन. हूड भरवशाचा नसेल तर आधी तो दुरुस्त करून घेईन. झटपट तापणारी भट्टी आणि दाबावर ताबा आयताच असेल, तरच टीएलएजीला हात घालेन.