नेटवर्कएक्स वापरून बघितलं, आणि एज म्हणजे काय ते आत्ता कुठे कळलं

कॉलेजात डिस्क्रीट मॅथ्सला 'एज म्हणजे दोन नोड (बिंदू) जोडणारी कडा' एवढं पाठ करून पेपर दिला होता, पण डोक्यात शिरलं ते गेल्या महिन्यात नेटवर्कएक्स हाताळल्यावर. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची लायब्ररी आहे, नोड आणि एजची जाळी म्हणजे ग्राफ हाताळायला, फुकट आहे, पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारी कमांड) पटकन बसते.

म्हटलं आधी कोनिग्सबर्ग शहराचे पूल टाकून बघू, गणितज्ञ ऑयलरने १७३६ मध्ये सोडवलेलं कोडं, जमिनीचे ४ भाग आणि ७ पूल, प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे फिरता येतील का. जमिनीचा भाग म्हणजे नोड, पूल म्हणजे एज, ७ वेळा एज टाकली आणि मोजल्या तर ५ च!! परत परत तपासलं, स्पेलिंग बरोबर, सगळं बरोबर. मग डॉक्युमेंटेशन वाचलं तेव्हा उलगडा झाला, साध्या 'ग्राफ'मध्ये दोन नोडमध्ये एकच एज राहते, तीच परत दिली तर नवीन धरत नाही, आणि इथे तर दोन ठिकाणी दोन-दोन पूल होते. 'मल्टिग्राफ' घेतला, तिथे त्याच दोन नोडमध्ये अनेक एज चालतात, आणि ७ आले. डिग्री (एका नोडला लागलेल्या एज) ५, ३, ३, ३, बेरीज १४, म्हणजे एजच्या बरोब्बर दुप्पट, कारण प्रत्येक एजला टोकं दोनच. मधल्या नोडला येताना एक आणि जाताना एक एज लागते, म्हणून विषम डिग्री फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या नोडला चालते, इथे तर चारही विषम, म्हणून तशी फेरी जमतच नाही. स्क्रीनवर ते आकडे बघून खरंच अंगावर काटा आला.

लक्ष्मी रोडसारखा वन-वे दाखवायचा तर 'डायग्राफ', तिथे एजला दिशा असते. अंतर वेट (एजला दिलेला आकडा) म्हणून देता येतं, फक्त शॉर्टेस्ट पाथ म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता काढताना वेट वापर असं सांगावं लागतं, नाहीतर पुणे-मुंबईची लांबलचक एज पण १ आणि शेजारच्या चौकाची पण १.

एक सांभाळा, एज टाकताना नोड नसेल तर लायब्ररी तो गुपचूप नवीन बनवते, त्यामुळे एकदा 'पुणे' आणि एकदा 'पुने' लिहिलंत तर दोन वेगळी शहरं तयार!

खूप मोठ्या डेटाला स्लो पडते, सगळं पायथनमध्येच लिहिलंय ना. पण शिकायला हिच्यासारखी दुसरी नाही, माझ्याकडून ५ पैकी साडेचार. आणि हो, नोडला मराठी नावं बिनधास्त द्या, पण चित्र काढताना देवनागरी फॉन्ट वेगळा सेट करा, नाहीतर नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात.