वॉरंटीत शटर बदलून घेतलं, त्याला आठ महिने झाले

मिररलेस कॅमेरा घेऊन सव्वा वर्ष झालं. पहिल्या सहा महिन्यांत तो मला मनापासून आवडला होता, म्हणूनच पुढचा त्रास जास्त लागला.

उडणाऱ्या पक्ष्यांसाठी शटर स्पीड (सेन्सरवर उजेड पडू देण्याचा वेळ) 1/3200 सेकंद ठेवला की दहा-पंधरा फोटोंमागे एखाद्याच्या वरच्या कडेला काळपट पट्टा यायचा. 1/500 ला काहीच नाही. हूड काढला, लेन्स बदलली, कार्ड बदललं, तरी पट्टा तिथेच.

सर्व्हिस सेंटरला दिला तेव्हा जॉबशीटवर एवढंच लिहिलं गेलं: ‘फोटो खराब येतात’. नऊ दिवसांनी कॅमेरा परत आला. शेरा होता, दोष आढळला नाही, एलईडी दिव्यांचं फ्लिकर असावं. फार चिडलो, कारण माझे सगळे फोटो भर उन्हातले होते.

पण फ्लिकरची शंका निराधार नव्हती, हे मान्य करायला हवं. 50 हर्ट्झच्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात आणि जास्त स्पीडला त्याचे पट्टे फोटोत उतरतात. फरक इतकाच, की ते पट्टे एका फोटोतून दुसऱ्यात जागा बदलतात. माझा पट्टा हलत नव्हता. शिवाय फ्लिकर असतं तर ते इलेक्ट्रॉनिक शटरलाही (यात शटरचे पडदे हलत नाहीत, सेन्सरच उजेड घेणं सुरू-बंद करतो) दिसलंच असतं.

मग एका सकाळी उन्हातल्या पांढऱ्या भिंतीसमोर ट्रायपॉड लावला. एकाच स्पीडला मेकॅनिकल शटरने 200 फोटो, इलेक्ट्रॉनिकने 200. मेकॅनिकलमध्ये 14 पट्टे, इलेक्ट्रॉनिकमध्ये एकही नाही. म्हणजे सेन्सर ठीक, दोष मेकॅनिकल शटरच्या, सेन्सरसमोर हलणाऱ्या दोन पडद्यांत. जास्त स्पीडला पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आतच दुसरा निघतो आणि दोघांमधली बारीक फट सेन्सरवरून सरकते. एक पडदा जरा अडखळला की फट मिटते, तेवढ्या भागावर उजेड पडत नाही. (कायम इलेक्ट्रॉनिक शटर वापरायचा सल्लाही मिळाला होता. पण माझ्या कॅमेऱ्यात त्याने वेगात हलणारे पंख वाकडे येतात, त्यामुळे तो उपाय माझ्या कामाचा नव्हता.)

दुसऱ्या खेपेला हे फोटो एडिट न करता, कॅमेऱ्यातून आले तसे कार्डावर दिले. जॉबशीटवर नेमकं लिहून घेतलं: ‘1/2000 च्या वर, फक्त मेकॅनिकल शटर, अधूनमधून, वरची कड’. बॉडीवरचा जुना ओरखडाही त्यातच नोंदवून घेतला, कारण आपटल्याचा संशय आला तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. या वेळी टेक्निशियनने फोटो माझ्यासमोर उघडले, दोन प्रश्न विचारले आणि शटर युनिट बदलायचं ठरलं. त्या माणसाबद्दल मला खरंच आदर वाटला. तीन आठवडे लागले, खर्च शून्य.

परत आल्यावर सेटिंग सगळी मूळ स्थितीत गेली होती. ती आधी कार्डावर सेव्ह करायला हवी होती. लेन्सचं छिद्र बारीक करून (एफ/16 वर) आकाशाचा फोटो काढला तर धुळीचा एक डाग दिसला, तोही त्यांनी लगेच साफ करून दिला. बदललेला पार्ट जॉबशीटवर लिहिलेला आहे ना, ते पाहून कागद बिलासोबत ठेवला.

तेव्हापासून 14,000 फोटो काढले. फोकस पूर्वीसारखाच झटपट लागतो, शटरचा आवाज मात्र आधीपेक्षा किंचित कोरडा वाटतो. दर महिन्याला त्याच भिंतीवर 1/4000 ने पन्नास फोटो काढून पाहतो. अजून पट्टा आलेला नाही.