दुकानाचं तोंड बदलायचंय: ग्रँट, कर्ज, टॅक्स क्रेडिट की लँडलॉर्ड?

समजा अमेरिकेतल्या छोट्या गावाच्या डाउनटाउनमध्ये दुकान आहे, साइन फिकी पडलीय, जुन्या विटांच्या भिंतीवर कधीकाळी कुणीतरी ठोकलेला पत्रा अजून तसाच आहे आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय ३०,००० डॉलर लागतील. बहुतेक जण आधी विचारतात की फुकट काय मिळतं. मी आधी दोन गोष्टी विचारीन, बिल्डिंग कुणाच्या नावावर आहे आणि काम चालू असताना बिलं कोण भरणार. या दोन उत्तरांवर निम्मे पर्याय तिथल्या तिथे गळतात.

आधी फसाड ग्रँट घेऊ, कारण सगळ्यांचा जीव तिच्यातच अडकलेला असतो. गाव किंवा तिथली मेन स्ट्रीट संस्था, म्हणजे डाउनटाउन सुधारण्यासाठी झटणारी स्थानिक संस्था, ही देते, म्हणजे दर्शनी भागाच्या कामाचा अर्धा खर्च, पण एका मर्यादेपर्यंत. मर्यादा १०,००० असेल तर आपल्या ३०,००० मध्ये आपले २०,००० जाणारच. आणि हे बहुतेक वेळा रीइम्बर्समेंट असतं, म्हणजे आधी अख्खे ३०,००० तुम्ही मोजायचे, पावत्या द्यायच्या, कुणीतरी येऊन काम बघणार, मग चेक येणार. मंजुरीचं पत्र हातात यायच्या आधी जुनी साइन जरी उतरवली तरी तो खर्च सहसा धरत नाहीत, आणि इथेच घाई करणाऱ्यांचे पैसे जातात. शिवाय धंद्याला मिळालेली ग्रँट सहसा उत्पन्नात धरली जाते, त्यामुळे १०,००० पूर्ण हातात राहतील असं समजू नका.

ग्रँटचा पैसा मुळात कुठून येतो हेही विचाराच. गावाचा टीआयएफ असेल, म्हणजे ठरलेल्या भागातला प्रॉपर्टी टॅक्स जेवढा वाढेल तो त्याच भागावर खर्च करायची पद्धत (कॅलिफोर्नियात १९५२ पासून आहे ही), तर कागदपत्रं त्यातल्या त्यात सोपी असतात. पण पैसा फेडरल सीडीबीजीचा असेल, म्हणजे केंद्र सरकार गावांना विकासासाठी देतं त्या निधीतला, तर गोष्ट वेगळी. खाजगी मालकीच्या दुकानांच्या दुरुस्तीत त्या पैशातून फक्त बाहेरचं काम आणि बिल्डिंग कोडचं, म्हणजे बांधकामाच्या नियमांचं उल्लंघन दुरुस्त करणं एवढंच बसतं, आतलं काउंटर-बिउंटर विसरा. त्यात २,००० डॉलरच्या वरच्या कामाला डेव्हिस-बेकन कायदा लागतो, म्हणजे मजुरांना सरकारने ठरवलेला दर आणि दर आठवड्याला पेरोलचे कागद. गावातला दोन माणसांचा कॉन्ट्रॅक्टर हे ऐकूनच नको म्हणतो, आणि जो हो म्हणतो तो भाव वाढवतो. १०,००० ची ग्रँट घेऊन काम ३६,००० ला गेलं तर तुम्ही मिळवलं काय, ४,०००.

आता कर्ज. एसबीएचं (छोट्या धंद्यांसाठीचं फेडरल खातं) मायक्रोलोन ५०,००० पर्यंत मिळतं, स्थानिक ना-नफा संस्था देतात, व्याज साधारण ८ ते १३ टक्के. ३०,००० डॉलर १० टक्क्यांनी ५ वर्षांत फेडले तर महिना ६३७ च्या आसपास पडतो आणि एकूण व्याज ८,२०० च्या थोडं वर जातं. हा आकडा बघून लोक दचकतात, पण कर्जाला मालकी लागत नाही, कमिटीची वाट बघावी लागत नाही, रंग कुठला हेही कुणी विचारत नाही. छोटं काम असेल तर किवा (Kiva) या लोकांकडून थोडं थोडं कर्ज जमवणाऱ्या वेबसाइटवर १५,००० पर्यंत शून्य व्याजाने मिळू शकतं, फक्त सुरुवातीला ओळखीच्या लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवून दाखवावे लागतात, म्हणजे ज्याला माणसं जोडता येतात त्याचं काम.

माझं विचाराल तर ग्रँट की कर्ज हा प्रश्नच थोडा चुकतो, कारण ग्रँटचा चेक येईपर्यंत मधले महिने ढकलायला बऱ्याच जणांना कर्ज लागतंच.

ऐतिहासिक बिल्डिंगवरचं २० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या टॅक्समधून थेट वजावट, ऐकायला सगळ्यात भारी, पण नुसत्या दर्शनी भागासाठी जवळजवळ कधीच बसत नाही. बिल्डिंग नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या फेडरल यादीत, किंवा नोंदलेल्या ऐतिहासिक भागातली हवी, आणि साधारण २४ महिन्यांत केलेला खर्च बिल्डिंगच्या अॅडजस्टेड बेसिसपेक्षा (खरेदीची किंमत आणि आधीच्या सुधारणा, त्यातून घसारा वजा, जमीन सोडून) जास्त हवा. बेसिस १,५०,००० असेल तर आपले ३०,००० कुठेच नाहीत. मिळालं तरी ते ५ वर्षांत विभागून मिळतं, आणि कुणी विटा सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूचा झोत मारून, ठेवल्या असतील तर तिथेच हातचं जातं. भाडेकरूला तर करार ३९ वर्षं उरलेला असावा लागतो, म्हणजे सोडूनच द्या. हां, अख्खी बिल्डिंग विकत घेऊन वरचे मजलेही दुरुस्त करणार असाल तर मात्र हेच आधी बघा, आणि राज्याचं वेगळं क्रेडिट आहे का तेही.

लोक विसरतात ते दुसरंच क्रेडिट, अपंगांना आत येण्यासाठी केलेल्या कामाचं. दारातली पायरी काढून रॅम्प केला, दार रुंद केलं, तर २५० डॉलरच्या वरच्या खर्चाचे ५० टक्के, जास्तीत जास्त ५,०००. धंद्याची उलाढाल १० लाख डॉलरच्या आत हवी किंवा फुलटाइम माणसं ३० च्या आत, आणि भाडेकरूलाही मिळतं. फॉर्म ८८२६, सीपीएला (तिथला सीए) नाव घेऊन विचारा.

बीआयडी आणि पेस एका दमात सांगतो. बीआयडी (बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट) ही बाजारभागातल्या मालकांनी स्वतःवर लावून घेतलेली पट्टी, १९७० मध्ये टोरांटोत सुरू झाली, पैसा बहुतेक सफाई, दिवे आणि कुंड्यांवर जातो, आणि ट्रिपल नेट लीज, म्हणजे टॅक्स, विमा आणि देखभालही भाडेकरूने भरायचा करार, असेल तर ती पट्टी तुम्हीच भरत असता, लँडलॉर्ड नव्हे. पेस म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सबरोबर फेडायचं कर्ज, ऊर्जेच्या कामाला, खिडक्या बदलायच्या असतील तर, पण बोजा बिल्डिंगवर चढतो म्हणून मालक आणि त्याची बँक दोघं तयार हवेत.

राहिला लँडलॉर्ड. भाड्याच्या जागेत मी सुरुवात इथूनच करीन, कारण दर्शनी भाग सुधारला की किंमत त्याच्या बिल्डिंगची वाढते. रोख मागितलं तर नाहीच म्हणेल, त्यापेक्षा काही महिन्यांचं भाडं माफ आणि बदल्यात लीज ५ वर्षं वाढवू असं बोला, आणि केलेलं काम निघताना कुणाचं हे लेखी घ्या. लीज संपायला वर्ष-दीड वर्षच उरलं असेल तर हे बोलणं आधी उरका, मग ग्रँटचा फॉर्म भरा, नाहीतरी त्या फॉर्मवर बहुतेक ठिकाणी मालकाची सही लागतेच.