नऊ महिने कंट्रोल चार्ट लावून: बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या शॉपचा अनुभव

गिऱ्हाइकानं मागितला म्हणून चार्ट लावला, हे आधीच कबूल करतो. कंट्रोल चार्ट म्हणजे जॉबच्या मापांचे ठिपके वेळेप्रमाणे मांडलेला आलेख; मशीन नेहमीसारखं चाललंय की काही बिघडलंय, ते त्यावरून कळतं. दोन सीएनसी लेथ, दोन शिफ्ट, हायड्रॉलिकवाल्यांना बिडाचे बुश देतो. बोअर, म्हणजे बुशाचं आतलं भोक, २५ एच ७: २५ मिलीमीटरवर शून्य ते अधिक २१ मायक्रॉनची सूट (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). दर तासाला सलग पाच जॉब (नग) मोजायचे, त्यांची सरासरी एका आलेखावर आणि मोठ्या-लहानातला फरक दुसऱ्यावर. तीनेक मिनिटांचं काम.

पहिले दोन महिने फुकट गेले. ठिपके मधल्या रेघेला असे चिकटलेले की बघूनच संशय यावा. खऱ्या मशीनचे ठिपके तसे बसतच नाहीत. विचारल्यावर कळलं, पोरं शिफ्ट सुटताना सगळे आकडे एकदम भरत होती. चूक माझी. ठिपका बाहेर गेला की मी ओरडायचो, मग खरा कोण लिहील?

ओरडणं बंद केलं आणि पुन्हा वीस दिवस आकडे घेतले. फरकाची सरासरी ६ मायक्रॉन आली. पाचच्या गटाला ती ०.५७७ या ठरलेल्या आकड्यानं गुणायची, म्हणजे मधल्या रेघेच्या वर-खाली साधारण साडेतीन मायक्रॉनवर सरासरीच्या मर्यादा. तेव्हा डोकं चक्रावलं. ड्रॉइंग २१ मायक्रॉन देतंय आणि चार्ट सातच्या पट्ट्यात अडकवतोय! पण चार्टवर सरासरी असते, ड्रॉइंगची टॉलरन्स (मापातली सूट) एकेका जॉबला. शिवाय चार्टच्या रेघा मशीन सांगतं, ड्रॉइंगच्या गिऱ्हाईक. तपासायला आलेल्या साहेबांनीच ड्रॉइंगच्या रेघा चार्टवर मारायला लावल्या होत्या. ते गेल्यावर पुसल्या.

खरा फायदा मशीनला हात न लावण्यात झाला. आमचा सेटर कष्टाळू. एक जॉब चार मायक्रॉन वर गेला की ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) चार खाली, पुढचा खाली आला की परत वर. नुसत्या नेहमीच्या हेलकाव्यामागं धावायचा आणि तो वाढवून ठेवायचा. आता नियम एकच: ठिपका मर्यादेबाहेर, नाहीतर सलग सात एकाच दिशेला, तेव्हाच ऑफसेटला हात. इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, झिजला की बोअर लहान होत जातं आणि ठिपके पायऱ्या उतरल्यासारखे खाली येतात. हुक्केरीकडचा ऑपरेटर एकदा लांबूनच ओरडला, "मालक, नोड्री, उतरायलाय बघा!" इन्सर्ट बदलला, एकही जॉब रिजेक्ट झाला नाही. कन्नड-मराठी कुणालाही ठिपका वाचता येतो, ही सोय मोठी.

दुसरी गोष्ट तापमानाची. लाईट जाऊन आली की पहिले ठिपके हमखास भरकटायचे. आता मशीन रिकामं फिरवून मगच जॉब लावतो. गरम जॉब लगेच मोजायचा नाही, हेही चार्टनंच शिकवलं. २५ मिलीमीटरला दहा अंशांचा फरक म्हणजे सुमारे पावणेतीन मायक्रॉन. आमच्या मर्यादा साडेतीनच्या, मग राहिलं काय?

तक्रारीही आहेत. काही बिघडलेलं नसताना ३७० ठिपक्यांत साधारण एक बाहेर पडतोच. आमचे दिवसाला सोळा ठिपके, म्हणजे महिन्याला एखादी दुपार उगाच शोधाशोधीत जाते. चाळीस-पन्नास नगांच्या ऑर्डरला चार्ट उभाच राहत नाही. मर्यादा काढायलाच वीस-पंचवीस गट लागतात. आणि बोअर गेज, म्हणजे भोक मोजायचं साधन, आधी तपासा. आमचा जुना गेज एकाच बुशाला तीन माणसांच्या हातात तीन आकडे दाखवायचा, त्यावर चार्ट म्हणजे वाळूवर रेघा.

सॉफ्टवेअर घेतलं नाही. अमेरिकेतल्या वॉल्टर शूहार्टनी १९२४ साली हा चार्ट मांडला तेव्हा कुठं कॉम्प्युटर होता? भिंतीवर पुठ्ठा, दोरीला पेन्सिल, खिशात कॅल्क्युलेटर. पेन्सिली मात्र फार पळवतात, डझनानं आणाव्या लागतात.

दुसऱ्या लेथवर अजून लावलेला नाही. त्यावर दोन फाउंड्यांचं कास्टिंग मिसळून येतं, आधी ते वेगळं करायला लागणार.