उद्यमनगरातील अलाइनमेंटचे गॅरेज : तिरके स्टिअरिंग आणि रिटर्न न होणारा इंडिकेटर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, फाउंड्री आणि मशिन शॉपच्या गल्ल्यांमध्ये, केवळ व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) आणि स्टिअरिंगचेच काम करणारे एक लहानसे गॅरेज आहे. गाडी सरळ धावत असताना स्टिअरिंग एका बाजूला कललेले राहते आणि वळण संपल्यावर इंडिकेटर वेळेवर रिटर्न, म्हणजे आपोआप बंद, होत नाही, अशा दोन तक्रारी घेऊन मी तेथे गेलो होतो. बहुतेक ठिकाणी पहिली तक्रार अलाइनमेंटवाल्याकडे आणि दुसरी इलेक्ट्रिशियनकडे पाठवली जाते. या गॅरेजने दोन्हींचे मूळ एकच असल्याचे ओळखले आणि त्यानुसारच काम केले. हा अभिप्राय सविस्तर लिहिण्याचे कारण तेच आहे.

गाडी जुनी, एअरबॅग नसलेली हॅचबॅक आहे. टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांडीच्या, म्हणजे टाय रॉडच्या, टोकाचा सांधा) बदलल्यानंतर अन्य एका ठिकाणी अलाइनमेंट करून घेतली होती, आणि तेव्हापासून सरळ रस्त्यावर स्टिअरिंग उजवीकडे झुकलेले राहू लागले. परत नेऊन दाखवल्यावर तेथील कारागिराने हॉर्न पॅड काढला, नट सोडला, स्टिअरिंग शाफ्टच्या दातेरी टोकावरून उपसले, दोन दाते मागे फिरवून पुन्हा बसवले आणि गाडी ताब्यात दिली. दिसायला स्टिअरिंग सरळ झाले, पण इंडिकेटरचे वागणे काही सुधारले नाही. डावा इंडिकेटर वळण पुरते संपण्याआधीच बंद व्हायचा आणि सौम्य वळणावर तर मुळीच बंद व्हायचा नाही. उजवा मात्र फार उशिरा बंद व्हायचा. त्यावर ‘कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटरच्या दांडीचा स्विच) गेला आहे, पूर्ण बदलावा लागेल’ असे मला सांगण्यात आले. चांगला चालणारा स्विच असा फेकून देण्याचा सल्ला किती सहज दिला जातो, हे गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

उद्यमनगरातील मिस्त्रींनी गाडी मशिनवर घेण्याआधी चारही चाकांतील हवा तपासली, मग पुढचा भाग उचलून प्रत्येक चाक आधी वर-खाली आणि नंतर दोन्ही बाजूंना धरून हलवून पाहिले. वर-खाली हालचाल जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल आहे आणि आडवी हालचाल जाणवली तर टाय रॉड एंड किंवा रॅकमध्ये (स्टिअरिंग फिरवले की सरकून टाय रॉड ढकलणाऱ्या दातेरी दांड्यात) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे, असा साधारण अंदाज यावरून बांधता येतो. सैल सांध्यांवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही, म्हणून ही तपासणी न करता थेट मशिनच्या स्क्रीनकडे वळणाऱ्या ठिकाणी गाडी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या गाडीचे सांधे घट्ट होते. त्यानंतर त्यांनी मला खाली वाकून दोन्ही टाय रॉड पाहायला सांगितले. डाव्या बाजूला चेकनटच्या (टाय रॉडची लांबी पक्की धरणाऱ्या नटच्या) बाहेर आटे बरेच उघडे होते आणि उजव्या बाजूला जेमतेम दिसत होते. दोन्हीकडे आटे अगदी सारखेच असावेत असा नियम नाही, पण एवढी तफावत दिसली की अलाइनमेंट करणाऱ्याने एकाच बाजूला पाना लावला असावा, असा संशय घ्यायला जागा राहते.

पुढे त्यांनी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून एकूण फेरे मोजले, त्यांच्या निम्म्यावर रॅकचा मध्य धरला आणि कॉलमवर (शाफ्टभोवतीच्या नळीवर) चिकटपट्टी लावून खूण केली. त्या स्थितीत हॉर्न पॅड काढून पाहिले, तेव्हा शाफ्टच्या टोकावरील पंचाची मूळ खूण बरोबर वर आली होती आणि स्टिअरिंगवरची खूण मात्र तिच्यापासून दोन दाते सरकलेली होती. आधीच्या ठिकाणी काय केले गेले होते, ते त्या दोन खुणांनी उघड सांगितले.

इंडिकेटर रिटर्न कसा होतो, हे त्यांनी कॉलमचे कव्हर उघडून प्रत्यक्ष दाखवले. शाफ्टभोवती प्लास्टिकचा एक कॅम असतो आणि त्याला बाहेर आलेले दाते असतात. आपण इंडिकेटरची दांडी खाली किंवा वर केली की स्विचमधील एक लहान खिट्टी पुढे सरकून कॅमच्या वाटेत येते. वळण घेताना कॅमचा दात तिला बाजूला सारून निघून जातो, पण स्टिअरिंग सरळ होताना तोच दात उलट दिशेने येऊन तिला अडतो आणि दांडी मधल्या जागी ढकलतो. चाके सरळ असताना कॅमचे दाते दोन्ही बाजूंनी समान अंतरावर असतील, तरच डावा आणि उजवा इंडिकेटर सारखे वागतात. माझ्या गाडीत टाय रॉड असमान झाल्यामुळे चाके सरळ असताना शाफ्ट उजवीकडे फिरलेला राहत होता आणि त्याच्याबरोबर कॅमही फिरलेला होता. वरचे स्टिअरिंग शाफ्टच्या दात्यांवर सरकवल्याने डोळ्यांना दिसणारा दोष झाकला गेला, पण कॅम होता तिथेच राहिला. काही गाड्यांत हा कॅम स्टिअरिंगच्या पाठीलाच अडकलेला असतो. त्यांत स्टिअरिंग सरकवले तर इंडिकेटर कदाचित सुधारेल, पण रॅक मध्यावर येणार नाही आणि एका बाजूला गाडी जास्त, तर दुसऱ्या बाजूला कमी वळेल.

शिवाय दात्यांवर केलेली दुरुस्ती मुळातच ढोबळ असते. शाफ्टवर 36 दाते असतील, तर एक दात म्हणजे 10 अंश, आणि स्टिअरिंग 4 अंशांनी कललेले असेल तर दात्यांवरून ते कधीच नेमके सरळ होणार नाही. टाय रॉडवरून मात्र हवी तेवढी बारीक दुरुस्ती करता येते.

प्रत्यक्ष काम त्यांनी उलट क्रमाने केले, म्हणजे आधीच्या गॅरेजने लपवलेला कल पुन्हा उघडा केला. नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवून स्टिअरिंग ओढले, जेणेकरून ते एकदम सुटून तोंडावर बसू नये. खुणेला खूण जुळवून ते मूळ जागी बसवले. मग सीट आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये स्टँड लावून स्टिअरिंग अगदी आडव्या पातळीत जखडले आणि त्यानंतरच मशिनचे रीडिंग घेतले. हा क्रम कळीचा आहे. स्टिअरिंग न जखडता रीडिंग घेतले तर दोन्ही चाकांचा एकत्रित टो (चाके पुढे आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत, तो कोन) स्क्रीनवर हिरवा दिसू शकतो आणि तरीही तो दोन बाजूंत चुकीचा वाटला गेलेला असतो. ग्राहक हिरवा रंग पाहून समाधानाने पैसे देतो आणि रस्त्यावर स्टिअरिंग वाकडेच राहते. येथे एका बाजूचा टाय रॉड जेवढा लांबवला तेवढाच दुसऱ्या बाजूचा आखडला गेला, त्यामुळे एकूण टो तसाच राहून स्टिअरिंगचा मध्य जागेवर आला. रॅकचे रबरी बूट (टोकांवरची आवरणे) पिळले जाऊ नयेत म्हणून त्यांच्या क्लिपा आधी सैल केल्या होत्या, आणि चेकनट आवळताना रीडिंग थोडे सरकते म्हणून आवळल्यानंतर ते पुन्हा तपासले. इंडिकेटरच्या खिट्टीवरची जुनी, धूळ बसलेली ग्रीस पुसून नवी लावली. स्विच तोच राहिला.

ट्रायल त्यांनी तावडे हॉटेलच्या पुढे महामार्गावर घेतली, आणि तीही येता-जाता. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे गाडी किंचित डावीकडे ओढल्यासारखी वाटते आणि ती सरळ ठेवण्यासाठी स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावे लागते. म्हणून एकाच लेनमधून घेतलेल्या ट्रायलवर त्यांनी निर्णय दिला नाही. परत आल्यावर अगदी बारीकसा फरक त्यांनी पुन्हा काढून दिला, आणि त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. आता स्टिअरिंग सरळ आहे आणि दोन्ही बाजूंचे इंडिकेटर वळणानंतर एकाच ठिकाणी बंद होतात.

एक गोष्ट मात्र कोणतीही दुरुस्ती बदलू शकत नाही, आणि ती त्यांनी आपणहून सांगितली याचे मला कौतुक वाटले. उसाच्या हंगामात सांगली रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ओलांडताना आपण उजवा इंडिकेटर देतो, पण स्टिअरिंग फार थोडे फिरते. कॅमचा दात खिट्टीच्या पलीकडे जातच नाही, त्यामुळे इंडिकेटर रिटर्न होत नाही. तो हातानेच बंद करायचा असतो. तसा चालू राहिलेला इंडिकेटर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला पूर्णपणे चुकीची सूचना देतो, म्हणून ही सवय लावून घेणे गरजेचे आहे.

उणिवाही आहेत. सकाळी उशिरा गेलात तर रांगेत बराच वेळ थांबावे लागते आणि बसण्याची सोय नावापुरतीच आहे. कामाआधीच्या आणि नंतरच्या रीडिंगची छापील प्रत मागितल्याशिवाय मिळत नाही. ती प्रत्येक ग्राहकाला आपणहून द्यायला हवी, कारण पुढच्या वेळी तुलना करायला तोच एक आधार असतो. मजुरी नुसत्या अलाइनमेंटपेक्षा अर्थातच जास्त पडते, पण स्विच बदलण्याच्या खर्चापुढे ती फारच कमी आहे.

एअरबॅग असलेल्या गाडीचे स्टिअरिंग ते तेथे उघडत नाहीत. अशा गाडीत बॅटरी काढून ठरलेला वेळ थांबावे लागते, स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) मध्यावर ठेवूनच बसवावी लागते, नाहीतर तिची पट्टी तुटून हॉर्न आणि एअरबॅग दोन्ही निकामी होतात. आणि स्टिअरिंग किती फिरले ते मोजणारा स्टिअरिंग अँगल सेन्सर असेल तर शेवटी स्कॅनर लावून त्याचा शून्य पुन्हा ठरवावा लागतो. त्यांच्याकडे तो स्कॅनर नाही, म्हणून अशा गाडीचे ते फक्त टाय रॉडचे काम करतात आणि बाकीसाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायला सांगतात. निघण्यापूर्वी दोन्ही चेकनटवर त्यांनी पिवळ्या रंगाची रेघ ओढून दिली आहे, म्हणजे पुढे कोणी तेथे पाना लावला तर ती रेघ तुटलेली दिसेल.